आशिया खंड आणि आपली खाडी



धर्मांतरानंतर आपल्या घरात तथागतांची तसबीर आली, वंदना आली आणि पौर्णिमेला विहारात जाण्याची सवय आली. त्याबरोबर मुलांचे प्रश्नही आले. बुद्धांचा जन्म कोठे झाला? ते गाव आपल्या देशात आहे काय? चीन-जपानचे लोक बौद्ध कसे झाले? ते आपल्याकडून शिकले की आपण त्यांच्याकडून? शेजारीपाजारी कोणी टोचून म्हणतो, "हा तर बाहेरच्या देशांचा धर्म." मूल गप्प घरी येते आणि आईवडिलांकडे पाहते. आईवडिलांना उत्तर माहीत नसते, म्हणून तेही गप्प बसतात.

या प्रश्नांची उत्तरे पुष्कळशी भूगोलात आहेत. शाळेत मूल आशिया खंडाच्या राजधान्या घडाघडा म्हणते, पण नकाशा पुढे केला तर आपला जिल्हा कोठे आहे हे त्याला दाखवता येत नाही. ज्याला नकाशावर आपली जागा सापडत नाही, त्याला ती दुसरा कोणी तरी दाखवून देतो. दुसऱ्याने दाखवलेली जागा कोणती असते, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी गावकुसाबाहेर राहून भोगले आहे. म्हणून हा धडा एकट्या मुलाला न देता सर्व कुटुंबाने एकत्र बसून वाचावा. आशियाचा एक नकाशा आणा, जमिनीवर पसरा आणि वाचायला लागा.

१. आधी आपली जागा

पेण तालुक्यातील डोलवी हे गाव आपण खूण म्हणून घेऊ. रोहा, अलिबाग, पनवेल येथील वाचकांनाही ते चालेल. एवढ्या मोठ्या नकाशावर तेवढे अंतर सुईच्या टोकाएवढेसुद्धा भरत नाही. डोलवी मुंबई-गोवा रस्त्यावर वडखळच्या जवळ आहे. शेजारून आंबा नदीची धरमतर खाडी जाते. नकाशावर मुंबई शोधा आणि तिच्या किंचित आग्नेयेला बोट टेकवा. साधारण १८ अंश ४० मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७३ अंश पूर्व रेखांश. ही आपली जागा.

आता बोट न उचलता सरळ पूर्वेकडे सरकवा. सह्याद्री ओलांडला, मराठवाडा गेला, तेलंगण गेले, बंगालचा उपसागर गेला. बोट ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, प्ये या शहराजवळ पोहोचते. तेथे श्रीक्षेत्र नावाच्या प्राचीन बौद्ध नगराचे अवशेष आहेत. आणखी पुढे थायलंडचे चिआंगमाई लागते. तेही जुन्या विहारांचे शहर. ही सारी गावे आपल्याच अक्षांशाच्या आसपास आहेत. म्हणून तेथेही आपल्यासारखा जून ते सप्टेंबर पाऊस, आपल्यासारखी भातशेती, आपल्यासारखा आंबा आणि फणस. तेथील भिक्खू पावसाळ्यात वर्षावास करतात, कारण त्यांचा पावसाळा आपलाच पावसाळा आहे.

तेच बोट आता पश्चिमेकडे न्या. अरबी समुद्र ओलांडल्यावर ओमानचा किनारा लागतो आणि त्यापलीकडे अरबस्तानचे वाळवंट. अक्षांश तोच, पण भाताचे एक रोपही नाही. एकाच रेषेवर एवढा फरक का, हे पुढे वाऱ्याच्या पाठात कळेल.

२. खंड केवढा, कसा

आशिया हे पृथ्वीवरील सर्वांत मोठे खंड. क्षेत्रफळ सुमारे ४ कोटी ४५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे जगाच्या एकूण जमिनीच्या तीस टक्के. जगातील दर दहा माणसांपैकी जवळजवळ सहा माणसे येथे राहतात. २०२३ पासून लोकसंख्येत आपला भारत चीनच्याही पुढे गेला आहे.

रुंदी समजून घ्यायची तर घड्याळ पाहा. डोलवीत पहाटेचे सहा वाजतात, तेव्हा जपानात साडेनऊ झालेले असतात आणि शाळा भरलेल्या असतात. रशियाच्या पूर्व टोकाच्या कामचटकात दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. त्याच वेळी तुर्कस्तानात पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात आणि लोक गाढ झोपेत असतात.

उंच-सखलपणाही तसाच. जगातील सर्वांत उंच शिखर एव्हरेस्ट, ८८४९ मीटर, आशियात आहे. जमिनीवरचा सर्वांत खोल भाग, मृत समुद्राचा काठ, तोही आशियातच आहे. तो समुद्रसपाटीपेक्षा ४३० मीटरांहून अधिक खाली आहे. सर्वांत खोल सरोवर बैकल सायबेरियात आहे. मेघालयातील मौसिनराम येथे वर्षाला सरासरी सुमारे साडेअकरा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर अरबस्तानच्या वाळवंटात काही ठिकाणी वर्षानुवर्षे थेंब पडत नाही.

खंडाचे सहा भाग लक्षात ठेवावेत. उत्तरेला सायबेरियाची गोठलेली मैदाने. मध्ये गवताळ प्रदेश, वाळवंटे आणि तिबेटचे पठार. पश्चिमेला इराण, इराक, अरबस्तान आणि तुर्कस्तान. पूर्वेला चीन, कोरिया आणि जपान. आग्नेयेला ब्रह्मदेशापासून इंडोनेशियाच्या बेटांपर्यंतचा प्रदेश. दक्षिणेला आपला भारत, नेपाळ, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका. बुद्धांचे जन्मस्थान लुंबिनी आज नेपाळमध्ये आहे, सीमेपासून अगदी जवळ. सम्राट अशोकाने तेथे उभारलेल्या स्तंभावरील लेख १८९६ साली उजेडात आला. येथे बुद्धांचा जन्म झाला, असे त्यात स्पष्ट कोरलेले आहे. बुद्धगया, सारनाथ आणि कुशिनारा ही स्थळे मात्र आजच्या भारतात आहेत. त्या काळी या दोहोंत सीमाच नव्हती. देशांच्या सीमा अलीकडच्या आहेत, नद्या आणि डोंगर जुने आहेत.

"आशिया" हे नाव ग्रीक लोकांचे. ते आपल्या समुद्राच्या पूर्वेकडील भूमीला आशिया म्हणत. आपल्याकडे वापरात असलेला शब्द जंबुद्वीप. अशोकाने आपल्या शिलालेखात हाच शब्द वापरला आहे.

३. काळा कातळ आणि हिमालय

आता घराबाहेर जाऊन एक काळा दगड उचलून आणा. आपल्या जिल्ह्यातील डोंगर बहुतेक याच काळ्या दगडाचे आहेत. त्याला बेसाल्ट म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचून थंड झाला. सह्याद्रीच्या कड्याकडे पाहिले म्हणजे ते आडवे थर डोळ्यांनी दिसतात.

त्या वेळी भारत आशियाला जोडलेला नव्हता, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगा. भारताची भूमी दक्षिणेकडील एका मोठ्या भूखंडातून सुटून हळूहळू उत्तरेकडे सरकत होती. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी ती आशियाला भिडली. त्या टकरीने मधल्या समुद्राचा तळ वर उचलला गेला आणि हिमालय उभा राहू लागला. म्हणून हिमालयातील उंच खडकांत आज सागरी प्राण्यांचे अवशेष सापडतात. हिशेब मांडला तर आपल्या सह्याद्रीचा दगड हिमालयाच्या उंचीहून जुना ठरतो.

या दगडाचा आपल्या इतिहासाशी संबंध आहे. तो घट्ट असतो, त्याचे थर आडवे असतात, त्यामुळे आत पोखरत गेले तरी छत टिकते. भारतातील कोरीव लेण्यांपैकी बहुसंख्य लेणी महाराष्ट्रात आहेत, याचे एक मोठे कारण हा कातळ आहे.

४. वारा

आपल्या खाडीकाठच्या आगरी-कोळी बांधवांना वाऱ्याचे शास्त्र पुस्तकाशिवाय कळते. जूनमध्ये समुद्र खवळला की होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटायच्या. हे का, त्याचे उत्तर साऱ्या आशियात पसरलेले आहे.

उन्हाळ्यात खंडाची प्रचंड जमीन तापते. तापलेली हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची दमट हवा नैऋत्येकडून आत शिरते. ती सह्याद्रीला अडते आणि पेण-रोह्याला शंभर इंचांच्या वर पाऊस पडतो. हिवाळ्यात उलटे होते. सायबेरिया आणि मध्य आशिया गोठतात, तेथील जड थंड हवा समुद्राकडे वाहू लागते आणि वारा ईशान्येकडून येतो. हे दमट वारे अरबस्तानच्या आतील भागात पोहोचतच नाहीत, म्हणून आपल्याच अक्षांशावर असून तो प्रदेश कोरडा. सायबेरियातील बर्फ आणि डोलवीच्या खारेपाटातील भात यांचा संबंध असा आहे.

हा वर्षातून दोनदा उलटणारा वारा म्हणजे प्राचीन खलाशांचे इंजिन होते. दोन हजार वर्षांपूर्वी मिसरमधील व्यापारी साधारण जुलैत निघत, नैऋत्य वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडून पावसाळ्याच्या शेवटी आपल्या किनाऱ्याला लागत आणि डिसेंबर-जानेवारीत ईशान्य वाऱ्यावर परत जात. मधले काही महिने त्यांना येथेच काढावे लागत.

५. नद्यांकाठची पहिली नगरे

प्राचीन इतिहास सुरू होतो तो नद्यांच्या काठी, कारण नदी गाळ आणते आणि गाळात धान्य पिकते. धान्य उरले की सर्वांनी शेती करण्याची गरज राहत नाही. मग कुंभार, सुतार, कासार, लेखक हे निराळे होतात आणि नगरे उभी राहतात.

आशियात अशी तीन मोठी ठिकाणे झाली. इराकमध्ये तैग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांच्या दोआबात सुमेर लोकांनी इ. स. पूर्व ३२०० च्या सुमारास लिहिण्याची कला सुरू केली. ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने खुणा करून ते धान्याचा आणि गुरांचा हिशेब ठेवीत. दुसरे ठिकाण सिंधू नदीचे खोरे. हडप्पा आणि मोहेंजोदडो ही नगरे इ. स. पूर्व २६०० ते १९०० या काळात भरभराटीला होती. विटांची घरे, घरोघरी न्हाणी, झाकलेली गटारे अशी त्यांची रचना होती. त्यांचे शिक्के इराकमध्ये सापडले आहेत, म्हणजे समुद्रमार्गे व्यापार चालत असे. आपल्या महाराष्ट्रातही या संस्कृतीच्या उत्तरकाळाचा धागा पोहोचला होता. अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली सापडलेली काशाची जड शिल्पे त्याची साक्ष मानली जातात. तिसरे ठिकाण चीनमधील पीत नदीचे खोरे. तेथे इ. स. पूर्व तेराव्या शतकाच्या सुमाराची अक्षरे हाडांवर कोरलेली सापडली आहेत. आजची चिनी लिपी त्यांचीच वंशज आहे.

हा इतिहास तुमच्या ताटातही आहे. भात चीनमधील यांगत्से नदीच्या खोऱ्यात आठ-नऊ हजार वर्षांपूर्वी लागवडीला आला. भारतातही गंगेच्या मैदानात भाताचे फार जुने अवशेष आहेत. गहू आणि हरभरा पश्चिम आशियातून आले. तूर भारताची. ज्वारी, बाजरी आणि नाचणी आफ्रिकेतून आल्या. मिरची तर पाचशे वर्षांपूर्वी या देशात नव्हती, ती अमेरिकेतून आली. आता सांगा, यातील परके कोणते आणि आपले कोणते? जे आपण पेरले, राखले आणि पोरांना खाऊ घातले ते आपले.

६. रस्ते, बंदरे आणि अशोकाची अक्षरे

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपल्या राज्याच्या कडेकोपऱ्यांत शिलालेख कोरविले. नकाशावर त्यांच्या खुणा करा. अफगाणिस्तानातील कंदाहारला ग्रीक आणि अरमाईक भाषांतील लेख आहे, तो १९५८ साली सापडला. ओडिशात धौली, कर्नाटकात मस्की, गुजरातेत गिरनार. आपल्या बाजूला सोपारा, म्हणजे आजचे नालासोपारा. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा जवळच भुईगाव येथे मिळाला तो १९५६ साली. त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरास परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. हा योगायोग आहे, चमत्कार नव्हे. पण लक्षात ठेवायला सोपा आहे.

अशोकाने तेराव्या शिलालेखात सीरिया, मिसर, मॅसिडोनिया इत्यादी ठिकाणच्या पाच ग्रीक राजांची नावे दिली आहेत. म्हणजे पाटलीपुत्रात बसलेल्या राजाला भूमध्य समुद्रापर्यंतची खबर होती. श्रीलंकेच्या महावंस ग्रंथात धम्मप्रचारकांची यादी आहे. महेंद्र लंकेला गेला, सोण आणि उत्तर सुवर्णभूमीला गेले, महाधम्मरक्खित महाराष्ट्रात आला. अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणच्या किनाऱ्याकडे, आला तो योनक धम्मरक्खित. योनक म्हणजे ग्रीक. महावंस अशोकानंतर सात-आठशे वर्षांनी रचला गेला, म्हणून त्याला शिलालेखाइतका पक्का पुरावा मानू नये. तरी त्या परंपरेचा अर्थ पाहा. कोकणाला धम्म सांगायला आलेला माणूस ग्रीक वंशाचा होता, आणि त्याला परका म्हणून कोणी विसरले नाही.

आता पुन्हा आपल्या खाडीकडे या. आंबा नदी सह्याद्रीत उगम पावते, जांभूळपाडा, पाली, नागोठणे करीत धरमतर खाडीला मिळते आणि ही खाडी रेवस-करंजाजवळ मुंबई बंदराच्या पाण्यात जाते. त्याच पाण्यात घारापुरीचे बेट आहे. तेथील शैव लेणे सर्वांना ठाऊक आहे, पण त्याच बेटाच्या टेकडीवर विटांच्या प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत, हे थोड्यांना ठाऊक असते. डोलवीपासून चाळीसएक किलोमीटरवर चौल आहे. त्याचे प्राचीन नाव चेमुल. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या प्रवासपुस्तकात ते सेमिल्ला म्हणून येते. त्याच पुस्तकात पुढे मंदगोर नावाचे बंदर आहे. आपल्या जिल्ह्यातील मांदाड तेच असावे, असे अनेक विद्वान मानतात.

बंदरात उतरलेला माल घाटावर चढे. या घाटवाटांवर लेणी आहेत. सुधागड तालुक्यात ठाणाळे आणि खडसांबळे, घाटमाथ्यापलीकडे भाजे, बेडसे, कार्ले, पुढे जुन्नर आणि मग पैठण. वाटसरूला पाणी, निवारा आणि चार शहाणपणाचे शब्द तेथे मिळत. लेणी म्हणजे जंगलात लपून बसलेल्यांच्या गुहा, हा समज चुकीचा आहे. नकाशावर खुणा केल्या की त्या वाटेवर मण्यांसारख्या ओवलेल्या दिसतात.

७. दगडावरची नावे

येथे थोडे थांबा, कारण या धड्याचा गाभा येथे आहे.

तळा तालुक्यात मांदाडच्या खाडीजवळ कुडे येथे लेण्यांचा समूह आहे. तेथे ब्राह्मी लिपीत कोणी काय दान दिले ते कोरलेले आहे. देणारे कोण? त्या भागावर सत्ता असलेल्या महाभोजाच्या घराण्यातील माणसे आहेत. महाभोजाचा लेखक आहे. वैद्य आहे. तांडा घेऊन फिरणारा सार्थवाह आहे. एक ब्राह्मण उपासिका आहे, एक भिक्खुणी आहे. माळी आहे. कऱ्हाडहून आलेला लोखंडाचा व्यापारी आहे. आज डोलवीच्या खाडीवर पोलादाच्या कारखान्यासाठी बार्जमधून खनिज आणि कोळसा उतरतो. दोन हजार वर्षांपूर्वी लोखंड विकणाऱ्या एका माणसाने घाट उतरून येऊन याच जिल्ह्यात एक लेणे कोरवून दिले.

कान्हेरीला कल्याणचा लोहार आहे, सोनार आहे, चेमुलचा दाता आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट येथील यवनांनी दिलेले खांब आहेत आणि दाराचे काम करणाऱ्या सुताराचे नाव आहे. नाशिकच्या आठव्या लेण्यात मुगुदास नावाचा दासक आपल्या कुटुंबासह दाता म्हणून उभा आहे. दासक म्हणजे मासे धरणारा, असा अर्थ विद्वान लावतात.

शाळेच्या इतिहासात राजांची नावे असतात. या दगडांवर माळी, सुतार, लोहार आणि कोळी यांची नावे आहेत. राजाच्या नावाजवळच ती आहेत, तशाच अक्षरांत आणि त्याच दगडावर.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगा. हे दाते म्हणजे आजच्या अमुक जातीचे पूर्वज, असे कोणी छातीठोक सांगू लागला तर विश्वास ठेवू नका, मग तो आपला माणूस असला तरी. दोन हजार वर्षांचा वंशवृक्ष कोणाकडेच नाही. तो समाज भेदभावापासून मुक्त होता, असेही म्हणता येत नाही. सिद्ध होते ते एवढेच, की हाताने काम करणाऱ्या माणसाचे दान येथे घेतले गेले आणि त्याचे नाव कोरले गेले. आपल्याला एवढा पुरावा पुरेसा आहे. सत्य थोडे असले तरी पक्के असावे.

आणखी एक गोष्ट. ही अक्षरे सर्वांच्या डोळ्यांसमोर होती, पण शेकडो वर्षे ती कोणालाच वाचता येत नव्हती. वाचता येईना म्हणून लोकांनी लेण्यांना पांडवांची नावे दिली. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा दगड बोलू लागले. ज्याला वाचता येत नाही त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा इतिहास दुसऱ्याच्या नावावर होतो. ज्या समाजाला अक्षरांपासून शतकानुशतके दूर ठेवले गेले, त्याला हे वेगळे सांगायला नको.

८. ये-जा दोन्ही बाजूंनी

धम्म येथून बाहेर गेला तो कसा? मुख्यतः दोन वाटांनी. एक वाट खुष्कीची. तक्षशिला, अफगाणिस्तानातील बामियान, मध्य आशियातील वाळवंटाच्या कडेची गावे आणि तेथून चीन. चौथ्या शतकात, इ. स. ३७२ मध्ये, धम्म कोरियात पोहोचला आणि सहाव्या शतकात जपानात. दुसरी वाट समुद्राची. लंका, ब्रह्मदेश, सुमात्रा, जावा. जावातील बोरोबुदुरचा प्रचंड स्तूप नवव्या शतकाच्या सुमाराचा आहे.

पण वाट कधी एकाच दिशेने चालत नाही. चीनमधून फाहियान इ. स. ३९९ मध्ये पायी निघाला आणि श्रीलंकेहून जहाजाने परतला. सातव्या शतकात युआन च्वांग आला. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या काळात तो महाराष्ट्रात आला होता. येथे शंभरावर विहार आणि सुमारे पाच हजार भिक्खू असल्याची नोंद त्याने केली आहे. परत जाताना त्याने ६५७ ग्रंथ नेले. आपल्याकडे नष्ट झालेले कित्येक ग्रंथ आज चिनी आणि तिबेटी भाषांतरांतून वाचावे लागतात. म्हणजे जे आपण सांभाळू शकलो नाही ते शेजाऱ्याने सांभाळले. चीनने आणखी एक देणगी दिली ती कागदाची आणि छपाईची. तारीख छापलेले जगातील सर्वांत जुने उपलब्ध पुस्तक इ. स. ८६८ चे आहे, आणि ते वज्रच्छेदिका सूत्र आहे.

पश्चिमेकडूनही माणसे येत राहिली. कान्हेरीच्या भिंतीवर इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये येऊन गेलेल्या पारशांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरली आहेत. बेने इस्रायल लोकांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. ते येथे तेल गाळीत, शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पेणेत त्यांचे प्रार्थनामंदिर आहे. यहुदी, ख्रिस्ती, इस्लाम, पारशी, जैन, बौद्ध, शीख, कन्फ्यूशियसचा मार्ग, ताओचा मार्ग, हे सारे आशियातच जन्मले. येथे शेजाऱ्याशिवाय कोणाचाच इतिहास पुरा होत नाही. बामियानच्या दोन प्रचंड बुद्धमूर्ती २००१ साली फोडल्या गेल्या, तेव्हा नुकसान अफगाणिस्तानचेही झाले आणि आपलेही.

बाबासाहेबांनी हा नकाशा ओळखला होता. १९५० साली ते कोलंबोला गेले, १९५४ साली रंगूनला आणि १९५६ साली काठमांडूला बौद्ध परिषदेला. आशियातील या बौद्ध देशांशी त्यांनी जिवंत संबंध जोडला.

आता टोचून बोलणाऱ्या शेजाऱ्याला काय उत्तर द्यायचे? रागावू नका. त्याला नकाशाजवळ बोलवा. लुंबिनी दाखवा, सोपारा दाखवा, कुडे दाखवा. मग त्याचे बोट धरून चीन-जपानपर्यंत न्या आणि तेथून परत आणा. जाण्याचा रस्ता दिसला की येण्याचाही दिसतो. आणि निघताना त्याला चहा पाजा. तो चहासुद्धा चीनचाच आहे.

स्वाध्याय

१. आशियाच्या नकाशावर आपले गाव, लुंबिनी, बुद्धगया, सोपारा, कंदाहार, श्रीक्षेत्र आणि बोरोबुदुर यांच्या खुणा करा. ज्यांना लिहिता येत नाही त्या आजी-आजोबांनी बोट ठेवावे, मुलांनी नाव लिहावे.

२. डोलवीत सकाळचे दहा वाजले असता जपानात आणि तुर्कस्तानात किती वाजले असतील?

३. आज घरात शिजलेल्या पदार्थांची यादी करा. कोणते धान्य कोठून आले ते समोर लिहा.

४. जूनमध्ये वारा कोणत्या दिशेने येतो आणि जानेवारीत कोणत्या? दारात उभे राहून पाहा, मग कारण सांगा.

५. सवड काढून इंदापूर-तळा मार्गे कुडे लेणी पाहून या. बरोबर भाकरी आणि पाणी न्या. भिंतीवर खडू, कोळसा, चुना लावू नका, आपले नाव लिहू नका. तेथे ज्यांची नावे आहेत त्यांनी आधी काही दिले, मग नाव कोरले.

६. घरी आल्यावर मुलाला विचारा: माळ्याचे नाव दगडावर का कोरले असेल? त्याचे उत्तर मध्येच न तोडता पूर्ण ऐका.